कागदाच्या खोलीतलं गाणं

डोळे तपासायला गेलो होतो. थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं होतं. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, इथे लेकाकडे राहायला आलात, तरी त्या शहराचं एवढं काय हो? चौदा वर्षं पुस्तकंच तर शिवलीत तिथे."

"आणि भूत होतं, वन्सं."

"कुठे?"

"आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत कागदाच्या खोलीतून रडवेलं गाणं यायचं. बायका तिकडे एकट्या फिरकत नसत."

"बाई गं! तुम्हाला नाही भीती वाटली?"

"मला कसली? मीच गात होते. नवी होते, माहेर आठवायचं. गठ्ठ्यांआड बसून गळा मोकळा करायची. गळाच असा, की सगळ्यांना भूत वाटलं."

"मग सांगायचं नाही?"

"कुठल्या तोंडानं? त्या भुतासाठी दाराशी चहाचा पेला ठेवायला लागल्या होत्या. तो रोज कोण प्यायचं?"

"वहिनी!"

"काल तिथल्या मैत्रिणीचा फोन आला. मला वाटलं, माझी आठवण आली. तर म्हणते, 'तू गेलीस आणि भूतही गेलं गं. दुपार नुसती खायला उठते.'"

"आता तरी सांगितलंत?"

"छे! म्हटलं, गेलं असेल लेकाकडे राहायला."

"मग?"

"म्हणाली, 'येईल परत. तिथे कोण ऐकणार त्याचं गाणं?'"

"मी ऐकते. गा."

"इथे? अहो, हे सगळे डोळे मिटून बसलेत. बिचाऱ्यांना पळताही यायचं नाही."