अधिकच्या जागी वजा

दातांच्या दवाखान्यात एका शिक्षिकेच्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप, बापाच्या कानाला फोन.

“तुझी आई म्हणते, धाकटीची मॅच सुरू होईल आणि हिच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या!”

“उपग्रहाचा सिग्नल जरासा सरकलाय, बाबा. टीव्हीचा ट्यूनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे ड्रायव्हरने, तेवढी फ्रिक्वेन्सी अधिक करायची, तर तो वजा करतोय.”

“ड्रायव्हर लिहिला कोणी?”

“मीच.”

“घरचाच भेदी!”

“इथूनच दुरुस्त करून घरच्या टीव्हीवर पाठवला. लावायला सांगा.”

“अगं, लाव. काय झालं? रडतेस कशाला?”

“स्पीकरवर टाका, बाबा!”

“दिसली गं! देशाची जर्सी घालून उतरलीय माझी पोर!”

तेवढ्यात शिक्षिकेचा नंबर पुकारला.

“थांबा हो,” ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली, “आमची मॅच सुरू झालीय.”