खाजणावर चपला घालून

खाजण म्हंजे काय ते इचारायला आलीस, आधी बस. काय सांगू तुला पोरी, मला पण तो शब्द जन्मापासनं ठावूक नव्हता, माझं माहेर विठ्ठलवाडीकडं, तिकडं विहिरीचं गोडं पाणी, खाडी मी पाह्यली ती लग्न होऊन इथं दिव्याला आले तेव्हा. सासऱ्यांना मी हेच इचारलेलं. ते म्हणाले, बाय, भरतीचं पाणी जिथं येतं न् जातं तो चिखल म्हंजे खाजण, आपण बांध घालून पाणी अडवलं न् आत भात लावलं, तरी नाव खाजणच, कारण पाणी आपला हक्क सोडत नाय. शब्द आला कुठनं ते त्यांना पण ठावूक नव्हतं, आमच्या आज्याच्या तोंडी होता, एवढंच सांगायचे.

तर त्या बांधाची पाळी असायची, घराघराची. अमावस्या-पुनवेचं उधाण यायच्या आधी पाळीवाल्यानं सगळा बांध अनवाणी चालायचा. खेकडे भोकं पाडतात ना, वरनं बांध कोरडा दिसतो, पण आत पाणी शिरलं असलं तर तळव्याला गार लागतं, तिथं चिखल दाबायचा. आता बघ, टँकरची वाट बघतो आमी, न् तेव्हा पाणी नको म्हणून सगळी धडपड.

एकदा पाळी आमची, न् मालक तापानं फणफणलेले. मी म्हटलं, मी जाते. पायात आईनं दिलेल्या नव्या चपला, काट्याकुट्यांची मला सवय नव्हती, म्हटलं कोण बघतंय, न् चपला घालूनच चालून आले. सगळा बांध चालले हां, अर्ध्यातनं नाय फिरले. घरी येऊन सांगितलं, बांध कोरडा हाय. दुसऱ्या दिवशी उधाणाला बांध फुटला. कापायला आलेलं भात खाऱ्या पाण्यात, सगळ्या गावाचं. पुढं दोन-तीन वर्सं दाणा नाय झाला, लोकं कंटाळली, एकेकानं जमीन विकली, भराव पडला, न् ही बिल्डिंग उभी राह्यली.

मालक मरेपर्यंत म्हणायचे, खेकड्यांनी घात केला. चपलांचं मी त्यांना कधी सांगितलं नाय. आता सासरे नाय, मालक नाय, पाळीच्या घरांतलं कुणीच उरलं नाय. मुलगा डोंबिवलीला असतो, त्याला एकदा सांगितलं. तो हसला, म्हणाला, आई, चपला घातल्या तर घातल्या, त्यात काय? त्याचं पण बरोबर हाय, त्यानं खाजण बघितलंच नाय. पण मला लई एकटं वाटलं गं त्या दिवशी. रागावला असता तर बरं झालं असतं.

अजून उधाणाच्या दिवशी मी या तळमजल्याच्या फरशीवर अनवाणी फिरते, कुठं गार लागतं ते बघत. शेजारीण म्हणते, मावशी, पाइप फुटलाय. मी फिरतच राहते.

तू दारात चपला काढून आलीस, बरं केलंस. ये, या कोपऱ्यात पाय ठेव. बाकीच्या फरशीपेक्षा गार लागतं ना? ते खाजण. सुखी राहा पोरी, लिही तुझ्या कागदावर. न् ते चपलांचं पण लिही.