झेंडा चढताना

सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोत, व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या एजंटकडे बसलो होतो. शेजारी एक म्हातारी आणि एक गृहस्थ बोलत होते.

"हॉलंडला कुणाकडे, मावशी?"

"धाकट्या भावाकडे. शेवटच्या घटका मोजतोय. डॉक्टर म्हणाले, फार तर आठ दिवस."

"तो डच आणि तुम्ही सुरिनामी?"

"एकाच सुईणीच्या हाती जन्मलो रे. तेव्हा इथं डचांचं राज्य, दोघंही डचच. पंच्याहत्तर साली स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी तो विमानात बसला, म्हणून डच राहिला. म्हणाला, चल ताई. मी म्हटलं, झेंडा चढताना तरी बघू दे."

"झेंड्यापायी विमान चुकवलंत!"

"चर्चच्या मंडळींबरोबर गायले त्या दिवशी. पहिला सूर माझाच होता."

"आणि पाच वर्षांत लष्कर आलं."

"माझ्या नवऱ्याला शिपायांनी सकाळी ताटावरून उठवून नेलं. तो परत आलाच नाही."

एजंटकडच्या मुलीनं कागद चाळले.

"हेर्मिना आजी, तीन आठवडे लागतील."

"तेवढे दिवस तो राहायचा नाही गं."

"मग अंत्यविधीसाठी अर्ज करा. तो दोन दिवसांत होतो. फक्त मृत्यूचा दाखला जोडावा लागतो."

म्हातारीनं कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले.

"बरं बाळ. दाखला आला की येते."