बिनआईचं कोकरू

ऐका. शेकोटीजवळ सरका जरा, आन् मधी कुणी बोलू नका.

आमचा म्हाकूतात्या, माझ्या बाचा धाकटा भाऊ. मटणासाठी कोकरं वाढवायचा. त्याच्या कोकरांना आसपास तोड न्हवती. आईचं दूध पोटभर, मग मक्याचा भरडा, शेवरीचा पाला. एक कोकरू उपाशी निजायचं न्हाई.

एकदा मेंढी वितानाच मेली. कोकरू जगलं. पण पहिला चीक पोटात गेल्याबिगर कोकरू टिकतंय व्हय? ओढ्यापल्याड चिंगाकाकूच्या मेंढवाड्यात एक मेंढी त्याच दिशी व्यालेली. तात्यानं कोकरू घोंगड्यात गुंडाळलं आन् अंधारात निघाला.

त्या वाटंवर एक बाळंतीण मेलेली, बरं का. लेकरासकट.

आधी मागनं कोकरू वरडलं. ब्यां! तात्यानं घोंगडं उघडलं, तर ह्याचं कोकरू गप! चालला. मग ओढाच येईना. तीच बाभळ. परत तीच बाभळ. तीनदा! मग घोंगडं जड झालं. किती? थोराड मेंढ्याएवढं! खांदा निखळायला आला, तरी सोडलं न्हाई बाबानं.

आन् बाभळीखाली बाई उभी. हिरवं लुगडं, केस मोकळे.

"भुकेजलंय ते. दे इकडं. माझा पान्हा अजून आटला न्हाई."

तात्यानं घोंगडं छातीशी आवळलं. बोलला, "न्हाई देत, बाय."

"मोठं करून काय करशील?"

आता काय सांगावं? खोटं बोलवंना. "खाटकाला देईन."

ती हसली. अशी हसली, की अंगावर काटा! "मग मीच नेते की." हात लांबवला. लांबतोय, लांबतोय... घोंगड्याला लागला. बर्फावाणी गार!

तात्या रडायलाच लागला. "त्याचा दिवस यील तवा यील, बाय. तवर मी त्याला उपाशी ठेवणार न्हाई, थंडीत ठेवणार न्हाई. आत्ता त्याला चीक पायजे. जाऊ दे."

हात थांबला. कोकराच्या डोक्यावरनं नुसता फिरला, हळू. मग एकदम किंचाळली, "पळ! माझं मन फिरायच्या आत पळ!"

पळाला! मागनं पावलं, धप् धप्! ओढ्यात उडी घेतली तवा घोंगड्याचा पदर तिच्या मुठीत फाटून राहिला.

चिंगाकाकूनं मेंढी धरली. कोकरानं चीक वढला, शेपूट हलवलं, तवा कुठं तात्या खाली बसला.

कोकरू वाढलं, चांगलं भरलं. बोलल्यापरमानं दिलं बी त्यानं. त्या दिशी तात्या जेवला न्हाई.

तर बाबांनो, रातचं त्या वाटंला जाऊ नका. फेरा पडला तरी वरच्या बांधावरनं या. तिला तिचं लेकरू अजून गावलं न्हाई.