काच चिकटेपर्यंत

धुळ्यात गाडीच्या काचा बदलणाऱ्या दुकानासमोर, निंबाखाली, रत्ना आपली पाळी येईपर्यंत पेंगत बसली होती. पुढच्या गाडीच्या नव्या काचेत निंब डोलत होता आणि कानावर येणारं बोलणं स्वप्नातल्यासारखं लांबून येत होतं.

“काच बसनी ना, नवलभाऊ? मंग निंघस मी. साक्रीहून आठ दिवसनी तान्ही नात घर आननी शे.”

“बसली, चुडामण आबा, पण अजून चिकटली नाही. चार तास थांबा.”

“चार तास? तठे बठ्ठी तयारी व्हयी गयी!”

“गाडी पालथी झाली, तर छपराला हीच काच तोलून धरते. गोंद ओला असला तर...”

“बस. फुढे बोलू नको.”

“आणि दार आपटू नका. आतली हवा ओल्या काचेला ढकलते.”

निंबाची सावली सरकत गेली. रत्नाचा डोळा लागला. उघडला तेव्हा आबांची बायको, भिकुबाई, पाण्याची बाटली भरायला गाडीतून उतरत होती आणि आबा तिला सांगत होते.

“हळू लाव दार. आजून हळू.”

“कितलं हळू? गाडीमा कोन निजेल शे?”

“कोनी नही. सवय करी ऱ्हायनू.”