संगणकासाठी लावलेला कौल

मंडळी, ऐका! नमन झालं, देवाला निरोप पोचला. आता तुमच्याशी थोडं भांडण. एकच प्रश्न विचारतो. दान करायचं — ते कोणाच्या आवडीनं? देणाऱ्याच्या, की घेणाऱ्याच्या? बोला! पुढचे आजोबा मान हलवताहेत. होकारानं की झोपेनं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. तुम्ही म्हणाल, बुवा, सोपं आहे — घेणाऱ्याच्या! बरं. मग दिवाळीला भांडीवाल्या मावशींना साडी कोणती दिलीत? बहिणीनं दिलेली, तुम्हाला न आवडलेली, तीच ना? हसा, हसा. हसले ते सगळे सापडले.

तर गोष्ट आहे तळकोकणातल्या पाणथरची. गाव लहान, चौथीपर्यंतची शाळा त्याहून लहान. मानपान मात्र एवढे, की पालखीला आधी खांदा कोणी द्यायचा यावरून दोन घरं एकमेकांच्या अंगणातली वाट चालत नाहीत. लांबच्या वाटेनं जातील, काटे मोडून घेतील, पण मान सोडायचे नाहीत!

या गावचा एक जावई पुण्याला. त्याच्या कचेरीत नवे संगणक आले, तेव्हा जुन्यातला एक त्यानं सासुरवाडीच्या शाळेला दिला. जावई पुण्याचा, म्हणजे दानाबरोबर सूचनाही आल्या. मशीन जुनं आहे, त्याच्या पोटात शिकवणीचं एकच सॉफ्टवेअर मावेल. रविवारी कुडाळहून मेकॅनिक येईल. तो तीन दाखवेल, तिन्हींची माहिती सोबत लिहिली आहे, तुम्ही एक निवडा. दुपारच्या एस.टी.नं तो परत जाईल, पुन्हा येणार नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे काय? अहो, आमच्या सदूभाऊंचा मृदंग बघा. मृदंग हे यंत्र. त्यावर वाजतात ते बोल. मृदंग दानात मिळेल हो, पण बोल कोणते शिकायचे? तिथंच पाणथरची गाडी अडली.

पहिलं होतं इंग्रजी बोलायला शिकवणारं. त्यात एक गोरी बाई हसत हसत 'ॲपल' म्हणायची. हे हवं होतं आप्पा परबांना. आप्पा गावचे पहिले मानकरी. त्यांचं स्वतःचं इंग्रजी म्हणाल तर 'थँक्यू' आणि 'नो पार्किंग', आणि त्यातलं दुसरं त्यांच्या फाटकावर लिहिलेलं! दुसरं होतं स्कॉलरशिपच्या प्रश्नांचं. उत्तर चुकलं की मशीन भोंगा वाजवायचं. हे हवं होतं दाजी सावंतांना. दाजी सैन्यातून हवालदार होऊन आलेले, भोंग्याशिवाय त्यांना करमत नसे. आणि तिसरं? त्यात पोरांनी चित्र काढायचं, आपल्या तोंडानं त्यात आवाज भरायचा, की चित्र बोलायला लागतं. ते कोणालाच नको होतं. आप्पा आणि दाजी आयुष्यात एकदाच एकमतानं बोलले — हो खेळ, ह्येचा काय करूचा?

आणि शाळेच्या बाई? वैजयंतीबाई. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पण मंडळी, या सगळ्या गोंधळात खरा घोर त्या एकट्या बाईंनाच लागला होता. त्यांच्या वर्गात एक पोर होती, सगुणा झोरे. वरच्या धनगरवाड्यावरून डोंगर उतरून यायची. यंदा शाळेत आल्यापासून पोर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. 'अ' नाही, 'हूं' नाही! पुस्तकातली मराठी एक, गावातली मालवणी दुसरी, आणि वाड्यावरची तिची बोली तिसरीच. पोरीनं तोंड उघडावं कुठल्या भाषेत? तिची आई भागीरथी बाईंना सांगून गेली होती, की शिमग्यापर्यंत वाट बघते, नाहीतर पोर शेरडांमागं जाईल. शेरडं म्हणजे शेळ्या. आणि शिमगा आठवड्यावर आला होता. बाईंना रात्री झोप लागत नव्हती. एक पोर हातातून जाते आहे आणि आपल्याला ती धरता येत नाही, याचं दुःख शिक्षकालाच कळतं.

रविवार उजाडला. आता पाणथरची रीत अशी, की गावात काहीही नवं आलं — टेम्पो येवो, पिठाची गिरणी येवो, नवी सून येवो — आधी रवळनाथाच्या देवळात! मग संगणकाला सवलत कशी? डोक्यावर पाट, पाटावर संगणक, पुढे ढोल. मेकॅनिक बिचारा मागून पळतोय, "अहो, हलवू नका, हलवू नका!" आणि ढोलवाल्याला वाटतंय, हा नाचायला सांगतोय.

सभामंडपात संगणक बसला. त्याला हळद लागली, कुंकू लागलं. मेकॅनिकनं वेळेवर हात धरला म्हणून नारळ पायरीवर फुटला. मग ठरलं, आप्पा नको, दाजी नको, देवच निवडेल. कौल लावायचा! कौल माहीत आहे ना? देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबल गुरव उभा राहिला आणि त्यानं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या दारात हो संगणक इलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"तेका येळेर लाईट मिळांदे, उंदरान तेची वायर खावक नको, कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती थयच मोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तर मेकॅनिकही ओरडला!

इंग्रजीवालं ठेवायचं का? पाकळ्या लावल्या. गाव श्वास रोखून बसला. पाकळी हलेना. एवढ्यात दाजींनी आक्षेप घेतला, की पंख्याचा वारा उजवीकडून येतोय आणि पंख्याचं बटण आप्पांच्या पुतण्याजवळ आहे. पंखा बंद! स्कॉलरशिपवालं ठेवायचं का? पाकळी हलेना. तेवढ्यात दाजी शिंकले. आप्पा म्हणाले, शिंकेनं पाडायचा विचार दिसतोय. दाजींना खांबामागं बसवलं. गाव घामानं निथळतोय, मेकॅनिक घड्याळ बघतोय, आणि देव? देव शांत. काकू, तो फोन बंद करा हो. देवाकडे तुमचा नंबर आहे.

शेवटी बाबल गुरवानं हात जोडले आणि वळून गावाकडे बघितलं. कौल लावायचा एक नियम आहे, तो सगळ्यांना माहीत होता आणि त्या दिवशी सगळेच विसरले होते. तो नियम बाबलनं सांगितला.

"ज्येचा गाऱ्हाणा, त्येणा देवाफुडे उभा रवाक व्हया. ह्या गाऱ्हाणा कोणाचा?"

आप्पा म्हणाले, गावाचा.

"गाव चौथीत बसतलो?" बाबल म्हणाला.

मंडळी, देऊळ हसलं! आप्पाही हसले, मिशीत का होईना. पण प्रश्न खरा होता. पोरं कुठं होती? बाहेर! देवळामागं विटीदांडू खेळत होती, मोठ्यांनीच हाकलून दिली होती. संगणकाला हात लावाल म्हणून! वैजयंतीबाई उठल्या आणि स्वतः जाऊन पोरांना आत घेऊन आल्या. सगुणा सगळ्यांच्या मागं होती. तिची आई भागीरथीही दारात येऊन टेकली. वाड्यावरून ती देवाला दूध घेऊन आली होती.

मेकॅनिकनं पहिलं लावलं. गोरी बाई हसली, 'ॲपल' म्हणाली. पोरांनी हात जोडले! त्यांना वाटलं, देवळात ठेवलीय म्हणजे देवीच असणार. दुसरं लावलं. पहिलंच उत्तर चुकलं, भोंगा वाजला, आणि पुढची पोरं मागच्या पोरांच्या अंगावर पडली. मग तिसरं लावलं, आणि बाबलनं त्याच्यासाठी मूर्तीला पुन्हा पाकळ्या चिकटवल्या. पडद्यावर आयती चित्रं होती, त्यात एक शेळी. गुबगुबीत, गुलाबी, कान सशासारखे ताठ उभे. सगुणा बघत राहिली. गर्दीतून वाट काढत पुढं आली. पडद्याला नाक लागेल एवढी पुढं आली, आणि वर्षभर न बोललेली पोर देवासमोर बोलली.

"आसलं शेरडू नसतंय!"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मेकॅनिक म्हणाला, मग कसलं असतं, दाखव. तिच्या हातात माउस दिला. तो धरायचा कसा, हे दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा नाही. पोरीनं ते उभे कान पुसले आणि लांब, लोंबते कान काढले. मग मेकॅनिकनं माईक पुढं धरला. आता हिला बोलव. आणि सगुणानं वाड्यावरची हाळी दिली! डोंगरावरून शेरडं परत बोलवायची हाळी, पूर्ण छातीतून! देवळाच्या घुमटात ती घुमली, कबुतरं उडाली, खांबामागचे दाजी उभे राहिले. आणि मशीननं तीच हाळी तिच्याच आवाजात परत दिली. पोर खदाखदा हसली. मग थांबेचना! ही तांबडी, ही बांडी, ही लबाड, शेजारच्याचा पाला खाती. बाकीची पोरं ओरडू लागली, आता माझी म्हैस, माझी म्हैस!

पाकळी? उजवी पडली होती, मंडळी. कधी पडली, कोणी पाहिलंच नाही. सगळा गाव संगणकाकडे बघत होता आणि देवाकडे पाठ! आप्पा अजून म्हणतात, हाळीनं हादरून पडली. म्हणू द्या.

वैजयंतीबाई रडत होत्या आणि लपवत नव्हत्या. भागीरथीला म्हणाल्या, "मी वर्षभर तिला प्रश्न विचारले गं. पण सगळे माझेच." भागीरथीनं दुधाचा तांब्या पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "हिला हितंच बसवा, बाई. शेरडं मी राखीन."

झाली गोष्ट! आता वळतो तुमच्याकडे. टाळ खाली ठेवू नका, पळून जायला सोपं पडतं. तुम्हीही घरोघर कौल लावून बसलेले आहात. मुलाला सायन्स की कॉमर्स? मामाला विचारलं, ज्योतिषाला विचारलं, शेजारच्यांच्या इंजिनिअर जावयाला विचारलं. म्हाताऱ्या आईला गावी ठेवायची की शहरात? भावाला विचारलं, वहिनीला विचारलं. गाऱ्हाणं ज्याचं, तो कुठं आहे? देवळामागं, विटीदांडू खेळतोय! प्रेम आहे हो तुमचं, कोण नाही म्हणतं? पुण्याच्या जावयाचंही होतं.

तेव्हा आज नाव घ्या भगवंताचं, मोठ्यानं घ्या, आणि घरी जा. ज्याच्यासाठी एवढं करताय, त्याच्याजवळ बसून विचारा, तुला काय हवं? आणि विचारल्यावर स्वतःच उत्तर देऊ नका. समोरचा लगेच बोलेल असं नाही. सगुणाला वर्ष लागलं. तुम्ही बसून राहा.