सदतीस कांड्या

“धम्मरत्न संस्थेतला माल घरी आणतो, आन्…” — बास, एवढंच आलं न्हवं कानावर? आन् तुमी दिसलात तशी दुकानातली सगळी गप झाली. मला ठाऊक हाय. ती अर्धी बातमी घेऊन समोर त्याच्या दाराच्या कुलपापाशी उभे होतात, म्हणून तर हाक मारली. बसा सायेब, खुर्चीचा तो पाय हलतो, जपून. चौकशीला आलात, ओळखलं मी — काखेत फाईल, गळ्यात त्या गाई-बैलांच्या संस्थेचं ओळखपत्र. त्याच्याही गळ्यात असंच असायचं. तो घरी न्हाई, चाकणला दुसरं काही काम मिळतंय का बघायला गेलाय. बारा दिवस झाले घरी बसून — तुमीच बसवलंय, मला काय विचारता? चहा घ्या. साखर कमीच टाकलीय.

माल म्हणजे काय, ते बाईमाणसानं कसं सांगावं — तुमाला तर ठाऊकच. वळूचं… ते. कांडीत भरून गोठवलेलं. मला आधी वाटायचं, डब्यात आईस्क्रीम-बिईस्क्रीम असंल, झाकण उचललं की पांढरा धूर यायचा. मग धम्मरत्ननंच सांगितलं — कुसुमताई, एक डांगी जातीचा वळू होता, म्हातारा होऊन मेला, तसा दुसरा सापडत नाही. त्याच्या अडतीस कांड्या उरल्यात, आमचं सगळं संशोधन त्यांच्यावर. मग घरी का आणल्यास रे? तर म्हणाला, संस्थेतलं मोठं भांडं बिघडलंय, कांड्या गोठवून ठेवणारा नायट्रोजन टिकत नाही त्यात, तीन अर्ज दिले, कुणी बघत नाही. — तुमच्याच टेबलावर असतील ते. न्हाई, मी आपलं बोलले. — दर आठवड्याला भोसरीहून डब्यात नायट्रोजन भरून आणायचा, स्कूटरवर पुढं पायांत धरून. श्रद्धा, बायको त्याची, तिला दिवस गेलेले — ती हसायची, म्हणायची, माझ्यापेक्षा त्या मेलेल्या वळूला जास्त जपतात.

मग श्रद्धाला माहेरी मुलगी झाली. तो चार दिवस तिकडं गेला, किल्ली माझ्याकडं. नळाला पाणी आलं की पिंप भरा, म्हणाला, आणि डब्याला तेवढा हात लावू नका. — असं सांगितल्यावर तुमी तरी गप बसला असता का? — मी नुसतं बघितलं. झाकण उचललं, तर भसाभसा धूर. माझ्या मनात आलं, बाई गं, उन्हाचे दिवस, खोली बंद, ही वाफ आत कोंडली तर कुकरागत उडंल की! आमच्या भावजयीचा उडाला होता, छताला डाळ चिकटली होती. म्हणून झाकण काढून बाजूला ठेवलं, आन् आत माशी पडू नये म्हणून वर दुधावरची जाळी घातली. दुधावरची जाळी, सायेब! चार दिवस. रोज पाणी भरायला गेले की बघायचे — धूर कमी, आणखी कमी. मला आपलं बरं वाटायचं, निवतोय म्हणून.

तो आला, डब्यात डोकावला. कोरडा, कांड्या वाया गेलेल्या. मी दारातच उभी. पोरीचा फोटो दाखवायला मोबाईल काढला होता त्यानं, तो हातात तसाच. भिंतीला टेकून खाली बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी जाळी धुऊन आणून दिली, म्हणाला, ताई, पाणी भरलंत, उपकार झाले. आन् तुमाला काय लिहून दिलंय त्यानं? “झाकण लावायला मी विसरलो.” हेच ना? — मग लिहा की आता खरं! पेन का थांबलं? बारा दिवस गिळतेय मी हे. आमच्या मालकांनाही बोलले न्हाई. रोज वाटीत भाजी नेऊन त्याच्या दारात ठेवते, तो वाटी धुऊन परत ठेवतो. रागावत न्हाई.

विकत होता? कुणी सांगितलं — खंडूनं? अहो, खंडूला मीच सांगितलं होतं! त्याचाही गोठा हाय ना, दुधावरनं सारखा टोमणे मारायचा, तर मीही मिरवले जरा — म्हणलं, आमच्या गाईला, हरणीला, थेट संस्थेतल्या डांगीची… चहा निवतोय सायेब. — न्हाई, पुढं काही न्हाई. — काही न्हाई म्हणते ना.

बरं. एक. एकच कांडी. दिवाळीनंतर. हरणी दोनदा उलटली होती, गाभ धरला न्हवता, मीच त्याच्या मागं लागले. महिनाभर नको म्हणाला — ताई, त्या मोजलेल्या आहेत, माझ्या नाहीत. शेवटी मी रडले त्याच्यापुढं. खोटंच रडले, आता कशाला लपवू. रुपया घेतला न्हाई त्यानं. तेव्हा विकलं का म्हणाल, तर न्हाई. संस्थेबाहेर गेलं का म्हणाल — व्हय. एक गेली, ती माझ्या गाईत. उरलेल्या सदतीस माझ्या हातानं.

कुठं निघालात? गोठा मागं हाय, सोसायटीच्या भिंतीला लागून. पाच महिन्यांची गाभण हाय हरणी, डॉक्टरनं हात घालून सांगितलंय. — आत्ता कसा तुमच्या तोंडावर उजेड पडला! न्हाई, फोटो न्हाई काढायचा. गाय माझी, वासरूही माझं. पाहिजे ना तुमच्या संशोधनाला? मग आधी फाईलीत लिहा, झाकण कुसुमनं काढलं. सही घ्या, सातवी झालेय मी. त्याला कामावर घ्या, वासरू सोडवायला त्याचाच हात लागंल, दुसऱ्याला गोठ्यात पाऊल टाकू देणार न्हाई… वरिष्ठांना विचारावं लागंल? विचारा.

थांबा — स्कूटरचा आवाज. तोच हाय. अजून त्याला मी, चुकले, एवढंसुद्धा… न्हाई, तुमच्यासमोर न्हाई बोलायचं मला. चहा राहू द्या. उठा, जा तुमी. जा म्हणते ना!